पेठच्या डोंगरात, पाण्यावर चालणारी गिरणी बघायला

"सर, जनरेटर बिघडलाय बहुतेक. दिवे पार मंद झालेत. एकदा येऊन बघाल का?"

२००८ च्या डिसेंबरात काशिनाथचा असा फोन आला. मी नाशिकच्या आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेतो आणि काशिनाथ माझा जुना विद्यार्थी. कोर्स संपल्यावर बरोबरीची पोरं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागली. हा मात्र पेठ तालुक्यातल्या आपल्या पाड्यावर परत गेला. तिथे विजेचे खांब पोचलेच नव्हते. एका संस्थेच्या मदतीने त्याने ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं चाक बसवलं. त्या चाकावर जनरेटर चालायचा, आणि पट्टा बदलला की पिठाची गिरणी. तीन वर्षं तो मला बघायला बोलावत होता आणि मी "बघू" म्हणत होतो.

घरी बायकोला, वंदनाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्या बघू-बघूत जनरेटरच मेला की! या शनिवारी निघू. मीपण येणार."

शनिवारी सकाळी सातला इंदिरानगरहून मोटारसायकलवर निघालो. टाकी पेठ नाक्यावरच फुल करून घ्या, पुढे पंपाचा भरवसा नाही. रामशेजचा किल्ला मागे पडला की द्राक्षबागा हळूहळू विरळ होतात. सावळघाटात रस्ता वळणांचा, पण डांबर ठीक होतं. थंडी मात्र अशी की वंदनाने माझ्या पाठीमागे शालीत तोंड लपवलं ते करंजाळीलाच बाहेर काढलं. तिथे गरम भजी आणि दोन-दोन कप चहा घेतला. वीस-पंचवीस रुपयांत दोघांचं काम झालं. गाडी नसेल तर नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून पेठची एसटी पकडून इथेच उतरायचं. पुढचा कच्चा रस्ता पायी दोन तासांचा. आम्हाला मोटारसायकलवरही पाऊण तास लागला, आणि दोनदा वंदना उतरून चालली.

पाडा वीस-बावीस घरांचा. काशिनाथ, त्याची बायको तुळसा आणि आई सोनाबाई दारातच उभे होते. पाणी पिऊन मी लगेच हत्यारांची पिशवी उघडली. सोनाबाई म्हणाल्या, "यंत्राला काय झालं नाय, मास्तर. झऱ्याला झालंय."

मी हसून मान हलवली आणि जनरेटर खोललाच. बेअरिंग तपासलं, वाइंडिंग तपासलं, कार्बन पुसला. दुपार गेली. सगळं ठणठणीत होतं.

मग मुकाट्याने सोनाबाईंच्या मागे निघालो. त्या अनवाणी, साठीच्या पुढच्या, आणि धापा मी टाकत होतो. ओढ्यावरच्या बंधाऱ्यापासून चाकाच्या वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणलेला पाट बघितला. पोटरीभर पाणी वाहावं अशा पाटात जेमतेम घोटा बुडत होता.

"आधी पाऊस रोज थोडा थोडा यायचा," त्या म्हणाल्या. "आता येतो तो कोसळतो, आन जातो. डोंगराला पानी प्यायला येळच मिळत नाय."

हवामानबदलावर मी वर्गात एक तास घेतो. फळ्यावर लिहितो ते सगळं या बाईने तीन वाक्यांत सांगितलं. आमच्या शहरात कोळशावरची वीज चोवीस तास लागते आणि भारनियमन झालं की आम्ही कुरकुरतो. इथल्या लोकांनी कोळशाचा खडाही जाळलेला नाही आणि आटत चाललाय तो यांचा झरा. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

रात्रीचं जेवण मात्र विसरणार नाही: नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाचं वरण आणि खुरसणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. नागली त्याच गिरणीवर दळलेली. वंदनाने तिसरी भाकरी मागितली तेव्हा तुळसा पहिल्यांदा मोकळी हसली.

रविवारी सकाळी गिरणीच्या छपरासमोर सगळा पाडा जमला. पाणी दोन्हींना पुरणार नाही, हे आता काशिनाथने सांगायचं होतं. त्याचा चेहरा उतरला होता, कारण घराघरांत दिवा लागेल हा शब्द त्यानेच दिला होता. पुरुष मंडळींचा निकाल लगेच लागला: दिवे राहू द्या, गिरणी बंद. दळण काय, करंजाळीला नेता येईल.

"नेणार कोन?"

आवाज तुळसाचा होता. ती मागे, बायकांत उभी होती. सगळे वळले तशी ती गोंधळली, पण थांबली नाही. "डोक्यावर दळण घिऊन दोन तास जायचं, दोन तास यायचं, ते आमी. अंधाराची आमाला सवय हाय. जात्याची सवय मोडली, आन मला ती परत लावायची नाय."

कुणीतरी म्हणालं, "काशिनाथ, बायकोला आवर." मला वाटलं, आता हा पंचाईतीत पडला. मग तो सावकाश म्हणाला, "तिचं बरोबर हाय. पानी आधी गिरणीला. उरंल त्याचे दिवे."

बायकांत कुजबूज झाली, एक-दोघी चक्क हसल्या. पण उरलेल्या पाण्यावर दिवे टिकणार किती? मी वहीत आकडे मांडत बसलो असताना वंदना घरात डोकावून आली आणि म्हणाली, "अहो, हे सगळे पिवळे बल्ब आहेत, साठ वॅटचे. आपण घरी ते कमी वीज खाणारे सीएफएल लावले ना?"

वायरमनचा वर्ग मी घेतो. सुचलं तिला.

काशिनाथला मागे बसवून करंजाळी आणि तिथून पेठ गाठलं. दोन दुकानांत मिळून सात सीएफएल मिळाले. तीन शाळेच्या खोलीत लावले, चार तान्ही मुलं असलेल्या घरांत. दिवसभर टाकी भरू दिली. तिन्हीसांजेला काशिनाथने व्हॉल्व्ह अर्धाच उघडला आणि दिवे लागले, चांगले पांढरेशुभ्र. शाळेच्या खोलीत पोरं पाटी-वह्या घेऊन दाटीवाटीने बसली. दीड तास उजेड टिकला. काशिनाथ दारात उभा राहून घड्याळ बघत होता. दिवे गेले तेव्हा तो म्हणाला, "सर, मला वाटलं होतं पंधरा मिनिटं."

सोमवारी भल्या पहाटे निघालो तेव्हा गिरणीची घरघर सुरू झाली होती. तुळसाने नागलीचं कोमट पीठ वंदनाच्या पिशवीत बळेच ओतलं.

नाशिकला आल्यावर बाकीच्या घरांसाठी सीएफएल घेऊन एसटीच्या ड्रायव्हरबरोबर करंजाळीला पाठवले. तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर-डिसेंबरात जा, पाटाला पाणी असतं. राहायची सोय कुणाच्या तरी घरी होते. दुकानचा खाऊ नेण्यापेक्षा वह्या न्या.

मार्चमध्ये फोन वाजला, वंदनाने घेतला. तुळसा होती, रेंजसाठी टेकडीवर चढून आलेली. काशिनाथ बाकीच्या पुरुषांबरोबर झऱ्याच्या वरच्या उतारावर चर खणायला गेलाय, पुढचा पाऊस मुरावा म्हणून, असं तिने सांगितलं. वंदनाने भीत भीत विचारलं, "आणि पाणी?"

"थांबलं, ताई. काल." मग वाऱ्यावर आवाज चढवून ती म्हणाली, "पन गिरणी यंदा गेल्या सालापेक्षा महिनाभर जास्त चालली!"

फोन ठेवून वंदनाने मला हे सांगितलं, आणि आम्ही दोघं, घरातलं कुणी पास झाल्यासारखे, एकमेकांकडे बघत हसत राहिलो.