पाठीमागची बोटं

बातमी मला शाळेच्या ऑफिसात कळली. हजेरीची रजिस्टरं लावत होते, तेवढ्यात चित्रकलेच्या बाईंनी पेपर समोर धरला आणि ही तुमचीच मैत्रीण ना, असं विचारलं. फोटोत मंजुळा होती, संघाचा ब्लेझर घातलेली, केस चापूनचोपून बांधलेली. खाली चार ओळी. भारतीय महिला हँडबॉल संघाची माजी कर्णधार, किडनीच्या आजाराने अवघ्या तिशीत निधन, नवी मुंबईतून देशाच्या संघात पोचलेली एकमेव खेळाडू... 'एकमेव' हा शब्द मी दोनदा वाचला. खरं तर आधी रडू यायला हवं होतं. आधी राग आला, आणि महिना होत आला तरी तो गेलेला नाही. त्याच पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा मी गोड लिहिणार नाही, असं त्यांना आधीच कळवलं. त्यांनी लिहा तर खरं, असं उत्तर दिलं. म्हणून लिहिते आहे. त्या संघाची गोलकीपर मी होते आणि मीही वाशीचीच.

गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मी आठवीत होते. सेक्टरमध्ये माणसं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. मंजुळा महापे गावातून शाळेत यायची, तीन-चार मुलींबरोबर, कधी बसने, बस चुकली की सरळ चालत. तिच्या वडिलांची भातशेती कारखान्यांसाठी गेली होती आणि मोबदल्याबरोबर मिळालेलं नोकरीचं आश्वासन कुठल्या तरी फायलीत पडून होतं. आमच्या पीटीच्या सरांना हँडबॉलचं वेड. शाळेमागच्या मुरमाच्या प्लॉटवर त्यांनी फक्कीने रेषा मारल्या, बांबूचे गोलपोस्ट उभे केले. जाळी नव्हती, ती मंजुळाने आणली. तिच्या मामाचं मासेमारीचं फाटकं जाळं, त्याला महिनाभर खाडीचा वास येत होता. त्या जाळ्यापुढे सरांनी मला उभं केलं, कारण मी उंच होते आणि मला पळता येत नव्हतं.

हँडबॉलच्या गोलकीपरला ग्लोव्हज नसतात. सात-आठ पावलांवरून बॉल येतो तो अंगावरच येतो, छातीवर, मांडीवर, तोंडावर. मी भित्री होते. बॉल सुटला की माझे डोळे मिटायचे. हे सरांच्या लक्षात आलं नव्हतं, मंजुळाला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं. एका संध्याकाळी जाळं गुंडाळताना मी तिच्यापाशी कबूल केलं आणि कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातली. तिने शपथ घेतली आणि तोडगाही काढला. "गेलेले तू नको मोजू," ती म्हणाली. "अडवलेले मी मोजीन. तू निस्ता माज्या पाठीमागं बघ."

ती बचावात खेळायची, गोलपुढच्या रेषेवर मधोमध, माझ्याकडे पाठ करून. मी एक बॉल अडवला की तिचा डावा हात पाठीमागे यायचा आणि एक बोट दिसायचं. दुसरा अडवला की दोन. पाच झाले की मूठ एकदा उघडून मिटायची आणि पुढची मोजणी सुरू. समोरच्या मुलींना ते दिसायचं नाही, सरांना दिसायचं नाही. ते बोट बघायला मिळावं म्हणून मी डोळे उघडे ठेवायला शिकले. सामन्याच्या गुणपत्रकावर झालेल्या गोलांचा रकाना असतो, अडवलेल्यांचा नसतो. माझा रकाना तिच्या पाठीवर होता. जिल्हा, राज्य असं करत आम्ही दोघी एकाच वर्षी देशाच्या संघात गेलो, ती कर्णधार झाली, आणि त्या दिवशी महाप्यात तिच्या आईने आम्हा दोघींना एका ताटात जेवायला वाढलं. हे सगळं मी खोटं ठरवू शकत नाही. ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं.

पूर्वेकडच्या एका देशात स्पर्धा होती. आम्ही सगळ्या जणी आयुष्यभर मातीवर खेळलेल्या. तिथे डोक्यावर छप्पर आणि पायाखाली गुळगुळीत लाकूड. आमचे कॅनव्हासचे बूट त्यावर साबणावरून गेल्यासारखे सरकायचे. तिथल्या मुली बोटांना राळ लावायच्या, बॉल त्यांच्या एका हाताला चिकटून राहायचा. आमच्यातल्या कोणी राळ कधी पाहिलीही नव्हती. दोन दिवस आधी पोचून लाकडावर सराव करू द्या, असं मंजुळाने आमच्याबरोबर आलेल्या असोसिएशनच्या सेक्रेटरींना निघण्यापूर्वीच विनवलं होतं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. आम्ही सगळे सामने हरलो, तेही सपाटून. शेवटच्या सामन्यात माझं करंगळीचं बोट निखळलं, ते तिनेच ओढून बसवलं आणि रुमालाने शेजारच्या बोटाला बांधलं. सामना संपला तेव्हा फळ्यावर काय लागलं होतं ते मी पाहिलंच नाही. मी तिचा हात पाहत होते. मूठ तीनदा उघडली, मग चार बोटं. एकोणीस. इतके मी कधीच अडवले नव्हते.

परत आल्यावर मुंबईत असोसिएशनच्या ऑफिसात बैठक झाली. लांब टेबल, एका बाजूला पदाधिकारी, दुसऱ्या बाजूला आम्ही. हरण्याचं कारण सगळ्यांनाच माहीत होतं आणि ते कारण खुर्चीत बसून प्रश्न विचारत होतं. सेक्रेटरींनी कर्णधाराला विचारलं, गोलकीपर कमी पडली असं म्हणायचं का? मंजुळा माझ्या शेजारी बसली होती. तिचे दोन्ही हात टेबलावर होते, एकावर एक ठेवलेले. मी वाट बघत होते की आता ही लाकडाचं सांगेल, बुटांचं सांगेल, एकोणीस सांगेल.

"हो सर," ती म्हणाली. "बॉल आला की तिचे डोळे मिटतात."

ती त्या दिवशी शुद्ध बोलली होती, पाठ केल्यासारखी. अहवालात तेच गेलं. संघाच्या परदेशातल्या कामगिरीचं जे एक पान फायलीत आहे, त्यावर पराभवाचं कारण म्हणून गोलरक्षण लिहिलं आहे. मला पुन्हा कधी शिबिरालासुद्धा बोलावलं नाही. मंजुळा पुढच्या वेळीही कर्णधार म्हणून गेली, वर्षभरात एका सरकारी कंपनीत खेळाडूंसाठी राखीव जागेवर तिला नोकरी लागली. माझ्यानंतर दुसऱ्या गोलकीपर आल्या, संघ तरीही हरतच राहिला. ते अहवाल कोणी वाचले नाहीत.

माझ्याच घरात मला समजावलं गेलं. आई म्हणाली, जाऊ दे, तुझे बाबा नोकरीत आहेत, त्या पोरीला गरज होती. सर म्हणाले, मोठं मन कर. मोठं मन करण्याचं काम नेहमी ज्याचं गेलं त्यालाच का देतात, हे मला कळत नाही. वर्षभराने वाशीच्या डेपोत ती समोर आली तेव्हा मी तिला विचारलं. तिने नजर चुकवली नाही.

"तुजं घर हाय, बाबांचा पगार हाय," ती म्हणाली. "आमची जमीन बी गेली. मना नोकरी पायजे होती."

मग मागायचं होतंस, मी म्हटलं, मी आपणहून बाहेर पडले असते. त्यावर ती म्हणाली की तू पडली नसतीस. इतकंच बोलून ती बसमध्ये चढली. मी खरंच पडले असते का? रागाच्या भरात मी हो म्हणते, एरवी मला सांगता येत नाही. पण तिने मला ते ठरवायची संधीच दिली नाही, आणि वापरली ती माझी शपथ. गोलकीपर वाईट होती एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. डोळ्यांचं फक्त तिला माहीत होतं.

शेवटचं भेटले ते ती जायच्या तीन आठवडे आधी. तिची आई शाळेत आली, पोर झुरते आहे, एकदा ये, म्हणाली. त्या बाईच्या ताटात मी जेवले होते, नाही म्हणता येईना. दुपारची वेळ होती. महाप्यातलं घर आता पक्कं झालं होतं, तिच्याच पगारातून. चेहरा सुजलेला, हात मात्र काडीसारखे. शाळेचं, सरांचं, माझ्या करंगळीचं विचारून झालं. करंगळी अजून वाकडीच आहे, मी सांगितलं. मी निघायला उठले तशी ती कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, थकली. तेवढ्यात चादरीखालून तिचा डावा हात पाठीमागे आला. मूठ उघडली, मिटली. पुन्हा. पुन्हा. मग चार बोटं, आणि ती तशीच राहिली.

मी त्या हाताला हात लावला नाही. दारात चपला घातल्या आणि बस गाठली. कोणी म्हणेल, तिने माफी मागितली. मला तशी ती वाटली नाही. मला एवढंच कळलं की इतकी वर्षं तिला आकडा पाठ होता. त्या टेबलाशी बसली तेव्हाही पाठ होता. विसरली असती तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं.

शोकसभेत तेच सेक्रेटरी बोलले, डोळे पुसत, 'एकमेव' म्हणत. मी मागच्या रांगेत बसून होते आणि उठून एक अक्षर बोलले नाही. म्हणजे मीसुद्धा टेबलावर हात ठेवून बसणाऱ्यांतलीच निघाले.

शाळेत रोज प्रार्थनेच्या वेळी मी ऑफिसच्या पायरीवर उभी असते, मुलींच्या रांगांच्या मागे. 'विश्राम' म्हटलं की दोनशे मुलींचे हात पाठीमागे जातात, आणि कोणाची तरी बोटं चाळा करत उघडतात, मिटतात. पूर्वी मी बघायचे नाही. आता डोळे उघडे ठेवून बघते, ती सवय तिनेच लावली. पण तो आकडा मला पाठीमागून नको होता, मंजुळा. तो समोरून हवा होता, तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असा.