करंड्यातलं मेण

ये गं सुशे, अशी जवळ बस. आईला जाऊन महिना उलटला आणि तू अजून साताऱ्याला फिरकली नाहीस? पत्रच घालणार होते, पण तुमच्या सांगलीच्या घरात बायकांची पत्रं आधी थोरले काका फोडतात. म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिते, चार लोकांसमोर. वाचू देत त्यांनाही.

तुझी आई, यमुना, माझी बालमैत्रीण. शाळेचं तोंड आम्ही पाहिलं नाही. तिच्या भावाच्या पाटीवरून अक्षरं चोरली. पुढं तुझे वडील गेले, तेव्हा बायकांनी तिचं कुंकू पुसलं, करंडा रिकामा केला. कुंकवाखाली लावायचं मेण तेवढं तिनं मुठीत दाबून ठेवलं. मी भेटायला गेले तर म्हणाली, "कुंकू नेलं त्यांनी. मेणाचं नाव कुणी काढलं नाही बघ." आणि हसली गं…

त्या मेणावर सुरुवात झाली. मग मी वाईकडच्या मधवाल्याकडून पोळ्याचं मेण घेऊन पाठवू लागले. लढाईच्या दिवसांत कागद कुठला? वाणसामानाच्या पुड्यांचे कागद ती जपायची. दिवसभर जे गिळलं ते बोरूनं त्यावर लिहायची, कागद फळीवर चिकटवायची आणि चिमूटभर हळद घालून पातळ केलेलं मेण वर ओतायची. गार झालं की दाभणानं खरवडून एखादाच शब्द उघडा करायची. बाकीचे आत पिवळट, अंधूक. मी म्हणायची, "अगं, पुरतं दाखव की."

"पुरतं दाखवलं तर घरात ठेवतील का मला?"

काका तिला 'मेणबाई' म्हणून हिणवायचे. आणि तेराव्याला तेच म्हणाले, "लिहिलेलं पायाखाली येऊ नये," आणि सगळ्या फळ्या कृष्णेत सोडल्या. काय हा अक्षरांचा मान! जिवंतपणी तिचं एक वाक्य ऐकून घेतलं नाही, आणि आता कागदाला पाय लागेल म्हणून यांचा जीव कासावीस! माझ्या अंगाची लाही झाली. तूही तिथंच होतीस, पदराचा बोळा तोंडात धरून. तुझ्यावर नाही हो रागावले… थोडी रागावलेच.

पण लाकूड ते, वर मेणाचा थर. बुडतंय कशाला? काका बांबूनं ढोसतायत, फळ्या पुन्हा वर. शेवटी नावाडी म्हणाला, "आवं काका, लय दाबून उपेग न्हाई. ह्ये बुडायचं न्हाई." काका बांबू टाकून तरातरा निघून गेले. बाकीच्या फळ्या धारेला लागल्या. नावेला अडकलेली एक मी ओल्या पदरात गुंडाळून आणली.

ती माझ्या स्वयंपाकघरात आहे, चुलीपासून लांब. आत पाणी शिरलेलं नाही. 'भूक' हा शब्द उघडा आहे. उजेडाकडे धरलं की आख्खी ओळ दिसते, 'मलाही भूक लागते.' एकादश्या, चतुर्थ्या, सोमवार… काय काय करायला लावलं गं तिला!

शेजारी मेणाचा गोळा आहे, बोरू आहे, एक कोरी फळीही घासून ठेवलीय. तू काय काय गिळतेस ते मला ठाऊक नाही. उन्हानं मेण मऊ पडायच्या आत ये. काकांना विचारत बसू नकोस. सकाळच्या मोटारीनं ये, आणि उपाशी ये. इथं पोटभर जेवशील, मग लिहायला बस.