आबांच्या पुस्तकावरच्या सह्या

आपलं पुस्तक कुणी वाचणार नाही, या धास्तीनं लेखक झुरतात असं मी ऐकून होते. आबा त्यांच्याही वरचढ. त्यांना तीही धास्ती होती, आणि कुणीतरी वाचेल याचीही होती. लोणावळ्याच्या बाजारात माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आबा वहीतून मजकूर सांगायचे, मी टाइप करायचे, आणि दारात गिऱ्हाईक दिसलं की ते चटकन संगणकाच्या पडद्यापुढे छत्री उघडायचे. एका बाईंना वाटलं, छप्पर गळतंय.

आबा वलवणचे. देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरकीपर म्हणून सगळी नोकरी झालेली. निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्या माणसांवर पुस्तक लिहिलं. कोण कुठल्या बंगल्यावर माळी होता, कुणाच्या जमिनीवर कोणाचा बंगला उभा राहिला, भाऊ-भाऊ कशावरून बोलेनासे झाले. लिखाण इतकं खरं की टाइप करताना माझी बोटं थांबायची. तसं म्हटलं की ते म्हणायचे, "तुला बरं वाटतंय गं. पर तू कुटं वलवणची हायेस?"

शंका तर त्यांना रोज नवी सुचे. पुस्तकाला नाव शोभेल का? एखादी चूक राहिली तर लोक हसतील का? आपल्यासारख्यानं लिहावंच का? पुण्याच्या एका प्रकाशकांकडे बाड पाठवलं, तर महिनोन्‌महिने उत्तर नाही. फोन करा म्हटलं, तर "नगं. गळ्यात पडल्यागत दिसतंय." मी वैतागायचे. पोरीचं लग्न काढलेल्या बापालाही एवढा घोर नसतो म्हणायचे. ते हसायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य टाकायचे, "छापल्यालं परत गिळता येत न्हाई, पोरी."

शेवटी प्रकाशकांचं पत्र आलं. पुस्तक काढू म्हणाले. खाली एक ओळ होती, हयात व्यक्तींचे उल्लेख एकदा तपासून घ्यावेत. दुसऱ्या कुणी ती वाचून सोडून दिली असती. पण डेपोतून सहीशिवाय खिळा बाहेर जाऊ न देणारा हा माणूस. ज्याचं पान त्याला वाचून दाखवायचं आणि खाली त्याची सही घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. मी कपाळाला हात लावला.

घरोघर स्वागत झालं. चहा झाला, पोहे झाले. आणि प्रत्येकानं आपलं पान ऐकून एकच उत्तर दिलं, "आबा, खरं हाय, पर छापू नगा." आबांच्या चुलतभावाला, दत्तूभाऊंना, जमीन विकल्याचा मजकूर नको. एका डॉक्टरांच्या वडिलांनी बंगल्यावर भांडी घासली होती, पण आता नातीची सोयरीक ठरत होती, म्हणून तेही नको. बाकीचं पुस्तक मात्र झकास आहे, असं जो तो सांगे. आबा परत आले की मी पानं काढून टाकायची. धरण, डोंगर आणि करवंदं एवढंच उरत चाललं.

एका पानाला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. आई लवकर गेली, आक्कानं आबांना वाढवलं, त्यांच्या शाळेपायी स्वतः शाळेची पायरी चढली नाही. वडिलांच्या मागे जमिनीची वाटणी निघाली तेव्हा भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. रेशनकार्डाचं काम आहे असं सांगून तिचा अंगठा घेतला, तो आबांनी. पुढे नवऱ्यानं टाकलं, तेव्हापासून ती गावाच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहते. आबा हे तिच्या तोंडावर कधी बोलले नव्हते. बोलता येईना म्हणून तर लिहिलं होतं. सगळं पुस्तक त्या एका पानासाठी होतं हे उमगलं आणि माझी चेष्टा बंद झाली.

तिची सही त्यांनी अगदी शेवटी ठेवली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. "आक्का थकल्यात, आबा," मी म्हटलं.

"व्हय. पर तू चल. माझ्यानं वाचवायचं न्हाई."

आक्का तांदूळ निवडत होती. आबा उंबऱ्यात बाहेर तोंड करून बसले. मी वाचलं. वाचून संपलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"कवापास्नं?" आबांनी कसंबसं विचारलं.

"त्याच दिवशी. रेशनकार्डाला वकील कशाला लागतुया, किसना?"

आबा वळले नाहीत. तीच पुढे म्हणाली, "माझं नाव लावायचं तर सातबाऱ्याला लावायचं व्हतं. पुस्तकात लावून काय करू?" आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना सोसला असता. मग तिनं पदराला हात पुसला आणि माझ्यापुढे धरला. "आण. अंगठा कुटं द्यायचा त्ये सांग."

शाईचा पॅड आबांनीच पिशवीतून आणला होता. तिनं सांगितल्या जागी अंगठा उठवला आणि पुन्हा सूप पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मागे घेत असल्याचं पत्र आबांनी माझ्याकडूनच टाइप करून घेतलं. मी भांडले. आक्कांनी परवानगी दिलीय की, म्हटलं.

"म्हनून तर," एवढंच म्हणाले. नंतर ते दुकानात आले नाहीत. गेल्या वर्षी गेले.

मला त्यांचा अजून राग येतो. सगळा मजकूर माझ्याकडे आहे, काढून टाकलेल्या पानांसकट. घरच्यांना विचारून छापावा असं सुरुवातीला वाटायचं. आता दत्तूभाऊ रस्त्यात भेटले की माझीच नजर खाली जाते. धास्ती संसर्गजन्य असावी.

आक्का बाजाराला आली की दुकानाशी थांबते.

"किसनाचं पुस्तक आलं का गं?"

"अजून नाही, आक्का."

"आसं कसं? माझा अंगठा हाय न्हवं त्येच्यावर? मग आडलंय कुटं?"