बत्तीसमामांचा पहारा

सोलापुरात बिऱ्हाड केलं त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी आम्हां नवराबायकोला जेवायला बोलावलं, आणि मी पहिल्याच घासाला घोटाळा केला. यजमानांना सहज विचारलं, "गाव कुठलं आपलं?" त्यांनी बोट वर केलं, डोळे मिटले आणि चावत राहिले. ऐकू आलं नसेल म्हणून मी मोठ्यानं पुन्हा विचारलं. त्यांनी घास गिळला आणि खिन्नपणे म्हणाले, "एकोणीस झाले होते हो. आकडा घालवलात माझा." प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा हा त्यांचा नेम. माझं जेवण उरकलं तेव्हा त्यांची पहिली भाकरी चालू होती. यजमानांआधी उठायचं कसं, म्हणून मी वाळल्या हातानं पाऊण तास बसून राहिलो.

सगळी चाळ त्यांना बत्तीसमामा म्हणे. मिलमध्ये ते कापडखात्यात कारकून होते. जेवणाच्या सुट्टीत कामगारांच्या रांगेतून फिरत, आणि कुणी भराभरा खाताना दिसला की त्याच्यापुढं उभे राहत. एकदा एक विणकर वैतागला, "मामा, बत्तीस मोजत बसलो तर भाकरी तोंडात आन् साहेब पाठीवर!" मामा म्हणाले, "मग अर्धीच खा. पण खा. गिळायला तू काय मगर हायस?"

चहा आणि गिरणीतून पांढरा करून आलेला तांदूळ हे त्यांचे दोन वैरी. तिसरं माझं पोट. माझ्या बायकोचं माहेर मंद्रूप, तेच मामांचं आजोळ. त्यामुळं ती त्यांची भाची आणि मी जावईबापू. "जावईबापू, सदऱ्याच्या गुंड्या काय म्हणतात?" असं ते चारचौघांत विचारत. मी श्वास आत ओढून उत्तर देई.

दुसऱ्या वर्षी बायकोला मुदतीचा ताप आला. तीन आठवड्यांनी तो उतरला, आणि खरी भीती तेव्हा सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "आतडी ओल्या कागदासारखी झालीत. दहा दिवस ताकाची निवळी आणि मोसंब्याचा रस. त्याखेरीज कणभर काही गेलं आणि आतडं फाटलं, तर माझ्या हातात काही नाही." मामा नुकतेच नोकरीतून मोकळे झाले होते. त्यांनी आमच्या दारात पाट टाकला आणि पहारा सुरू केला.

सहाव्या दिवशी मामा आंघोळीला घरी गेले. शेजारणीनं माझ्यासाठी गरम भाकरी आणून ठेवली होती. बायको क्षीण आवाजात म्हणाली, "अवो, तापानं न्हाई मेले, आता भुकंनं मरंन. नुसता पापुद्रा द्या की. आमच्या मंद्रूपला आजाऱ्याला पापुद्राच देत्यात."

ते खरंच होतं. भाकरीचा वरचा पातळ पापुद्रा आमच्याकडं जेवणात धरतच नाहीत. मी तळहाताएवढा सोलून दिला. तिनं डोळे मिटून खाल्ला. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

मामा आले. तिच्या ओठाला लागलेला करपलेला कण त्यांना दारातूनच दिसला.

"काय दिलंस?" मला ते पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

"भाकरी नाही मामा, पापुद्रा."

"तो कशाचा असतो?"

मी डॉक्टरांकडं धावलो. त्यांनी येऊन तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "संध्याकाळपर्यंत पोट मऊ राहिलं तर वाचली. दगडासारखं झालं तर बोलवा. पण आशा धरू नका."

मग आम्ही बसलो. थोड्या थोड्या वेळानं मामा म्हणत, "हात ठेव." मी तिच्या पोटावर हात ठेवी आणि ते माझा चेहरा बघत.

"मऊ?"

"मऊ."

दुपारी ती कुजबुजली, "मामा, दुखतंय."

"कसं दुखतंय, पोरी?"

"भूक लागल्यावर दुखतंय तसं."

मी हसलो. मामा हसले नाहीत. मामींनी त्यांचं ताट आणलं, तसंच परत नेलं. जेवणाची वेळ कधी न चुकवणारा तो माणूस दिवसभर पाण्याचा थेंब न घेता माझ्या तोंडाकडं बघत बसला होता. मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा डॉक्टर पुन्हा आले, बराच वेळ पोट चाचपलं आणि म्हणाले, "सुटलात."

मामा उठायला गेले. पायाला मुंग्या आल्यामुळं चौकट धरून उभे राहिले. जाताना आमचा पिठाचा डबा तेवढा उचलून आपल्या घरी घेऊन गेले. दहा दिवस भरल्यावर पहिली पेज त्यांनीच आणली, आणि डबाही.

पुढं मामा-मामी लेकीकडं टेंभुर्णीला राहायला गेले. आम्ही दोघं मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. मोटार वळणाआड दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "देवमाणूस. पण त्या पापुद्र्याची माफी त्यांनी मला दिली की नाही, कुणास ठाऊक."

बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली, "त्यांचं मला ठावं न्हाई. पण पुन्यांदा मला ताप आला तर टेंभुर्णीला नेऊन टाका. तुमाला दया लवकर येतीया. मला परवडायची न्हाई ती."