सारिकाचं नाव मीच दिलं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं वगळूनच बाकीचं बोलते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि मध्येच 'असू दे गं, होतं असं कधी कधी' वगैरे म्हणू नका. माझं डोकं आधीच फिरलंय — कुणावर म्हणाल, तर माझ्यावरच.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिथे मी एचआर मॅनेजर आहे. माणसं कामावर घ्यायची, त्यांचे कागद तपासायचे, कुणाला काढायचं असेल तर समोर बसवून सांगायचं — सगळं माझ्याकडे. केबिनबाहेर माझ्या नावाची पाटी आहे आणि नावापुढे एम.बी.ए. लिहिलंय. ती एम.बी.ए. खोटी आहे.

झालं. म्हटलं एकदाचं!

बी.ए. खरी आहे, लातूरची, सेकंड क्लास. एम.बी.ए. मात्र चिंचवडला मिठाईच्या दुकानावर एक ऑफिस होतं, तिथून आणली. पुस्तक नाही, परीक्षा नाही, काही नाही. फोटो दिला, पैसे भरले, आणि कुठल्या तरी लांबच्या विद्यापीठाची पदवी हातात पडली. घरी सांगितलं, बाहेरून केली. नवऱ्याने कौतुकाने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला. का केलं असं? कारणं होती ना, ढीगभर होती. पण ती सांगायला लागले की माझाच आवाज रडवेला होतो आणि मला त्या आवाजाची चीड येते. राहू देत ती कारणं.

तुम्हाला वाटेल, एवढाच गुन्हा. छे! एवढाच असता तर मी अशी जळफळत बसले असते का?

सारिका आमच्या स्टोअरला होती. माझ्याहून बरीच लहान. मी कंपनीच्या बसमध्ये पिंपळे सौदागरला चढायचे, ती भोसरीला. तोवर बस भरलेली असायची, म्हणून मी शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून तिची जागा धरायचे. कुणी विचारलं तर, 'सारिका येणारे' म्हणून डोळे वटारायचे. ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणायचे, ती एकटी ताई म्हणायची. मी लातूरकडची म्हणून आठवणीने शेंगदाण्याची चटणी आणायची, झणझणीत, आणि मला खाताना बघून खूश व्हायची. वेडी कुठली.

एकदा मोशीच्या पुढे बस अडकली होती — नेहमीसारखीच, पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि एकदम म्हणाली, "ताई, एक सांगू? माझी बी.कॉम. खरी नाहीये." शेवटच्या वर्षाला वडिलांना अर्धांगवायू झाला, कॉलेज सुटलं, मग नोकरीसाठी कुणा एजंटाकडून पदवी घेतली. सांगताना ओढणीचं टोक पिळत होती. "कुणाला बोलू नका हं ताई. पण तुम्हाला सांगून बरं वाटलं बघा."

मी काय म्हणायला हवं होतं? 'माझीपण.' बस! एवढा एक शब्द. जीभ झडली असती का माझी? नाही निघाला. मी तिचा हात हातात घेतला आणि मोठ्या बहिणीच्या थाटात म्हणाले, "माझ्यापाशी राहील." आणि पोटात काय चाललं होतं, माहितेय? हिचं मला कळलं, माझं हिला नाही. गार गार वाटलं मला. शी!

पुढच्या पावसाळ्यात आमच्या मोठ्या ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले. त्यांनी नवीन टूम काढली होती — पुरवठादार कंपनीतल्या काही लोकांच्या पदव्या विद्यापीठाकडून पडताळून घ्यायच्या. प्लांट हेड साहेबांसमोर चहा पिता पिता ऑडिटर हसत म्हणाले, "मॅडम, एचआरपासूनच सुरुवात करू या का?"

गंमतच करत असावेत. पण मला ते मिठाईच्या दुकानावरचं ऑफिस दिसलं. पेढे दिसले, नवऱ्याचं तोंड दिसलं. आणि मी — अहो, विचारसुद्धा करावा लागला नाही — म्हणाले, "आमचं काय सर, आम्ही ऑफिसातली माणसं. खरा धोका स्टोअरला आहे, सगळा माल तिथे. तिथल्या एका मुलीबद्दल मला शंका आहे."

नाव काय, त्यांनी विचारलं. मी दिलं. ज्या तोंडाने तिची चटणी खाल्ली, त्याच तोंडाने.

विद्यापीठाचं उत्तर आलं, अशी विद्यार्थिनी आमच्याकडे पास झालेलीच नाही. ऑडिटर एकदम खूश. तुमच्याकडे तपासणी चोख आहे म्हणाले, आणि पुढे कुणाचेही कागद पडताळलेच नाहीत. एक मासा हाती लागला की सगळ्यांचं पोट भरतं. त्याच वर्षी मला बढती मिळाली. ती पाटी तेव्हाची.

सारिकाला बोलावलं तेव्हा साहेब बसलेले होते. साहेबांना नुसता राजीनामा हवा होता. बोलायची काही गरज नव्हती! पण मला जोर चढला. कंपनीची फसवणूक केलीस, प्रामाणिकपणे शिकलेल्या मुलींच्या पोटावर पाय दिलास, लाज कशी वाटली नाही — काय काय बोलले मी. साहेब मध्येच म्हणाले, "असू द्या मॅडम, जाऊ द्या." साहेबांना तिची दया आली आणि मला आली नाही. खोट्याचा एवढा संताप खोट्यालाच येतो का हो?

गेटपर्यंत सोडायला मीच गेले, तीही आमची पद्धत. वॉचमनने तिचं ओळखपत्र घेतलं, पिशवी उघडून डबा बघितला. ती रडत नव्हती. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, साहेबांसमोर तुम्हाला तसं बोलावंच लागणार होतं, कळतं मला. तुम्हाला आधी माहीत होतं, हे मी कुणालाही सांगणार नाही. तुमच्या नोकरीवर नको यायला."

ऐकलंत? ती मला सांभाळत होती! आणि मी घड्याळ बघत होते.

अजून संपलं नाही. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या आम्हा एचआरवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणी चोरी केली, कुणाचे कागद खोटे निघाले, की नाव तिथे पडतं. अधिकृत काही नाही, पण त्या नावाला मग कुणी दारात उभं करत नाही. सारिकाचं नाव कुणी टाकलं असेल? मीच. साहेबांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. खाली बाकीच्यांनी अंगठे टेकवले. तेव्हापासून सारिका ठेकेदाराकडे पॅकिंगला उभी असते, कधी या कंपनीत, कधी त्या. दर संक्रांतीला मला तिळगुळाचा मेसेज न चुकता येतो.

गेल्या आठवड्यात तळेगावच्या एका छोट्या कंपनीतून, आमच्या त्या ग्रुपवर नसलेल्या एका बाईंचा फोन आला. सारिकाला स्टोअरला घेत होत्या. या वेळी तिने शिक्षण बारावी लिहिलं होतं, जे खरं तेच. आणि विचारपूस करायला म्हणून माझं नाव दिलं होतं — माझं! बाईंनी विचारलं, तुमच्याकडची नोकरी का सोडली तिने?

'घरगुती कारण' म्हणून मोकळी झाले असते. कुणाचं काय बिघडणार होतं? पण डोक्यात चक्र सुरू झालं — उद्या हिला खरं कळलं तर विचारेल, या मॅडमनी का लपवलं? मग कुणी माझ्याकडे बघेल, मग माझे कागद... मी म्हणाले, पदवी खोटी निघाली होती, काढून टाकलं आम्ही. बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत मॅडम, आजकाल कुणाचा भरवसा नाही. मी म्हणाले, खरंय.

संध्याकाळी सारिकाचा फोन. "ताई, त्यांचा काही फोन आलेला का? सगळं ठरलं होतं, आज एकदम नको म्हणाल्या."

"नाही गं," मी म्हणाले, "मला कुणाचाच फोन नाही."

"मग जाऊ दे. तुम्ही बऱ्या आहात ना?" असं विचारून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस भोसरीला थांबली. अकाउंट्सला नवीन लागलेली एक मुलगी चढली, उभीच राहिली. "मॅडम, इथे कुणी आहे का?"

मी डब्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बस ना," म्हटलं. "आणि मॅडम काय, ताई म्हण."