हाडही माझं, चामडीही माझी

१९७८. रमजानच्या आधीचा शाबान महिना, त्यातला शेवटचा जुम्मा. दुपारची नमाज झालेली. सोलापूर, मशिदीशेजारची कमिटीची खोली.

हजर: हाजीसाहेब, कमिटीचे अध्यक्ष, चार ट्रकांचे मालक. वकीलसाहेब, सेक्रेटरी. उस्ताद, मकतबीत, म्हणजे पोरांच्या सकाळच्या कुराणशाळेत, शिकवणारे. माझा दीर रशीद, कारण बाईनं एकटीनं यायचं नाही. आणि मी. दाराबाहेर, पडद्यामागे, चपलांच्या शेजारी.

वकीलसाहेबांनी हजेरी लिहिली. चार नावं. फटीतून मी बघितलं. पाचवं नाव नव्हतं. म्हणून आज ही हजेरी मी लिहिते आहे.

"दाखिल करते वक्त तुम क्या बोले थे, भाभी?" हाजीसाहेबांनी विचारलं. "जरा जोर से बोलो."

मी पदर पुढे ओढला.

"बोलो की. शरम कायकू?"

मी बोलले. "हड्डी हमारी, चमडी तुम्हारी."

आमच्याकडे पोराला मकतबीत बसवताना उस्तादांना असंच म्हणतात. हाड आमचं, चामडी तुमची. हाड तेवढं मोडू नका, बाकी तुमच्या हातात. माझ्या सासूनं म्हटलं होतं, मीही म्हटलं. हसत हसत, बत्तासे वाटत. शब्दांकडे कोण बघतं?

"चमडी दे दिये ना? फिर पूछने कायकू आये?"

सगळे हसले. वकीलसाहेब म्हणाले, "सिलाईवाली है ना. कपडे नापते नापते बच्चे बी नापने लगी." पुन्हा हसू. त्यात रशीदचं हसू मला वेगळं ऐकू आलं. ते जास्त लागलं.

मी शिवणकाम करते. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत, घरातच, दोन मशीन. शाबान लागला की ईदच्या कपड्यांची मापं घेते. वहीत प्रत्येक पोराचं एक पान. छाती, खांदा, बाही, उंची. त्या वर्षी पहिल्याच दिवशी खांद्याचं माप घेताना शेजारचा यासीन कळवळला. नुसत्या टेपनं. सदरा वर केला. पाठीवर तीन वळ, एक फुटलेला.

"काय झालं रे?"

"जीने पर से गिरा, खाला."

दुसऱ्या दिवशी आणखी एक पोरगा आला. तोच खांदा, तेच उत्तर. जिना. तिसराही जिन्यावरूनच पडलेला. आमची मकतब म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. तिला जिना नाही. या पोरांच्या घरांनाही नाही. मग तीन तोंडांत एकच जिना कुणी घातला?

मापाखाली मी वळ लिहायला लागले. किती, कुठे, ताजे की जुने. सात पानं झाली. आणि मग उशिरानं, फार उशिरानं, सुचलं. माझा मुनीर महिनाभर स्वतःच आंघोळ करतो आहे. दाराला कडी लावून. मी म्हणत होते, शहाणा झाला.

त्याचं माप मी सगळ्यांत शेवटी घेतलं. त्याच्या पानावर काय लिहिलं ते इथे सांगत नाही. त्यानं एवढंच विचारलं, "अम्मी, तुमने ही बोले थे ना उस्ताद को?"

ती वही घेऊन मी त्या पडद्यामागे बसले होते.

"मियाँ हमारे ट्रक पे है ना?" हाजीसाहेब आता हळू बोलत होते. माझा नवरा त्यांचाच ड्रायव्हर, त्या दिवशी हैदराबादच्या फेरीवर. "सोच के बोलो. बात बाहर गयी तो बदनामी किसकी?"

"मारनेवाले की," मी म्हटलं.

आणि पडदा बाजूला केला. आत गेले. माझी वही वकीलसाहेबांच्या हजेरीवर ठेवली.

"भाभी, भाभी, बाहेर चला," रशीद उठला.

"बैठो, भाई." तो बसला. मी उस्तादांकडे बघून बोलले. पहिल्यांदाच, सरळ. "मैं अपना बोल वापस लेतूं. हड्डी बी मेरी, चमडी बी मेरी. अल्ला का कलाम सिखाने को भेजी थी. उसको छडी कायकू लगती?"

वकीलसाहेबांचं पेन उघडंच होतं. "आता माझं नाव लिहा," मी मराठीत म्हटलं. ते हाजीसाहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. लिहिलं नाही.

"देखेंगे," हाजीसाहेब म्हणाले.

"कब?"

तेव्हापासून कुणी 'बघू' म्हणालं, की मी वार विचारते.

नवऱ्याला दोन महिने ट्रक मिळाला नाही. पाच घरांनी शिवायला दिलेले कपडे परत नेले. त्यातली दोन घरं वळ लिहिलेल्या पोरांची होती. यासीनची आई मात्र आली. आता मुनीर आणि यासीन माझ्याच घरी सिपारा, म्हणजे कुराणाचा एकेक भाग, वाचतात, मी मशीनवर असते. चुकले तर पुन्हा वाचतात.

ईदनंतर उस्ताद दिसेनासे झाले. गल्ली म्हणाली, "काढलं की त्यांना. झालं तुमच्या मनासारखं." माझा विश्वास बसला नाही. निघाले त्या दिवशी त्यांच्या गळ्यात मी हार बघितला होता; काढलेल्या माणसाला हार कशाला? रशीदला चार वेळा विचारलं. पाचव्यांदा तो मान खाली घालून म्हणाला, "अक्कलकोटकडच्या मकतबीत लावलंय, भाभी. हाजीसाहेबांच्या चिठ्ठीवर."

तिथेही पोरं आहेत. आया तिथेही तेच म्हणाल्या असतील, बत्तासे वाटत.

वहीच्या मागच्या पानावर मी कामं लिहिते आणि झालं की काट मारते. मुनीरला मकतबीतून काढणे, काट. सातही घरी जाऊन आयांना पान दाखवणे, काट. दोघींनी दार उघडलं नाही, तरी काट, कारण मी गेले होते. शेवटची ओळ अजून तशीच आहे.

अक्कलकोटला जाणे. तिथल्या आयांना वही दाखवणे. दिलेला बोल परत घेता येतो, हे सांगणे.