खाडीच्या रेतीची भिंत

बाळकुमची आमची जमीन बिल्डरकडे गेली आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. बाबांना ते काही केल्या रुचेना. "भिती निस्त्या गुळगुळीत," म्हणायचे, "हात ठेवला का निसटतं." आई गेल्यावर तर त्यांनी मानपाड्याच्या आत्याकडे कायमचं राहायला जायचा धोशाच लावला. तिचं जुनं घर अजून उभं आहे. त्यांनी जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं. घरात आम्ही दोघंच. ते गेल्यावर मी भांडायचं कुणाशी?

जुन्या घराच्या भिंती आई शेणमातीने सारवायची. तिच्या बोटांच्या कमानी सुकल्यावरही दिसायच्या. बाबांच्या खोलीत तशी एक भिंत करायची मी ठरवलं. दुकानातल्या टेक्श्चर पेंटचे नमुने पाहिले, पण सगळे हॉटेलातल्या भिंतींसारखे. म्हणून घरीच घाट घातला. पांढरा प्लास्टिक पेंट, पुट्टी, बारीक रेती, मातकट छटेसाठी थोडा तपकिरी रंग, आणि हे सगळं श्रीखंडाइतकं घट्ट होईपर्यंत घोटायचं.

रेती मी विकत आणणार होते. बाबा म्हणाले, "खाडी हाय ना आपली." दुपारी गोणी घेऊन हजर. ज्या मिठागरात त्यांचा जन्म गेला, त्याच्याच बांधाजवळची रेती. आम्ही ती चाळली. धुवायची म्हटलं तर रागावले. "धुतल्यावर ती खाडीची कशी र्‍हाईल?" मीठ पिकवणाऱ्या माणसाने हे बोलावं आणि त्याच्या लेकीने ते ऐकावं, म्हणजे आम्ही दोघंही थोरच.

मी थापीने सुरुवात केली. बाबा थोडा वेळ बघत राहिले, मग "सर तिकडं" म्हणाले आणि त्यांनी सरळ हातच बादलीत घातला. वाकून, बोटं पसरून कमानी ओढू लागले, अगदी आईसारख्या. मला रडू आवरेना. ते मात्र मी थापीने काढलेल्या कमानींना नावं ठेवत होते.

महिन्याभरात भिंतीवर पांढरं पीठ फुललं. लोणा लागला होता, भिंतीतलं मीठ बाहेर येत होतं. खारट रेती दुसरं काय करणार? पेंटर बोलावला तर तो म्हणाला, "मॅडम, सगळं खरवडायला लागेल." माझं धाबं दणाणलं. ही भिंत गेली की बाबाही गेलेच.

बाबांनी बोटाने ते पीठ टिपलं आणि जिभेला लावलं. मग पेंटरला म्हणाले, "र्‍हाऊ दे. जुन्या घरान पन यायचा. हिची आई झाडायची, आता मी झाडीन."

पेंटर गेल्यावर त्यांनी आत्याला फोन लावला. "माजी वाट बगू नको," म्हणाले. "मी घरीच हाय."